आईची खाट कुठे आहे?

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीला सातव्या महिन्यातच बाळ झालं. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, ती दोन मजले वर. भेट दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. फोनवर घरातलंच कोणीतरी म्हणालं, "आजकालच्या मुलींना धीर नाही, कांगारू केअर द्यायला घाबरतात." कांगारू केअर म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं. मला ते बोलणं फार लागलं.

तीन वर्षांपूर्वी इथे स्वीडनमध्ये माझी लेक एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. नळ्या, वायरी, मुठीएवढं डोकं. हात लावायचीसुद्धा भीती वाटायची. पण माझी खाट तिच्या काचेच्या उबदार पेटीला (इनक्युबेटरला) लागूनच होती. माझे टाके बघायला सिस्टर तिथेच यायच्या. नवरा तिला उघड्या छातीशी धरून तासन् तास बसायचा, कारण बाळ दवाखान्यात असेपर्यंत त्याला सामाजिक विम्यातून भत्ता मिळत होता. मी बहिणीपेक्षा धीट नव्हते. मला जागा मिळाली, तिला मिळाली नाही.

"तिकडे पैसा आहे," असं लगेच म्हणतात. पण कांगारू केअरची ही पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली ती पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अभ्यासात चार आफ्रिकी देशांबरोबर दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. तिथे आयांच्या खाटा अतिदक्षता कक्षातच आणल्या. एक ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, छातीशी दिलं. या बाळांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते. वाट पाहून दिलेल्यांमध्ये १५.७. जंतुसंसर्गाचा संशयही कमी बाळांत आला, आणि आपल्याकडे आईला बाहेर ठेवायचं कारण संसर्ग हेच सांगतात! संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते. बहिणीला मिळत होता अर्धा.

खरी अडचण सिस्टर कमी असण्याची आहे, हे मान्य. श्वासाची नळी लावलेलं बाळ पेटीतून आईच्या छातीवर घ्यायला अनेकदा दोघी लागतात, आणि आपल्याकडे एकेकीच्या वाट्याला कितीतरी बाळं. त्यावर बोला, भरतीवर बोला. बाळंतिणीच्या धीरावर नको.

परवा बहिणीला म्हटलं, मागे टेकता येईल अशी खुर्ची मागून बघ. मिळाली. काल पहिल्यांदाच सलग चाळीस मिनिटं बाळ तिच्या छातीवर झोपलं. तिच्या नवऱ्याला मात्र अजून आत सोडत नाहीत.