मुलीने कॉम्प्युटरवर बांधलेला वाडा

"हातात ठोकळे नाहीत, मग हा कसला खेळ?" परवा घरी आलेल्या एका काकांनी विचारलं. त्यांना नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी मुलगी सातवीत आहे. चार महिने झाले, 'स्टुडिओ' या सॉफ्टवेअरमध्ये ती लेगोचा वाडा बांधतेय. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, रस्त्याकडे सज्जा. सॉफ्टवेअर फुकट आहे. इतके ठोकळे विकत घेणं आम्हाला झेपलं नसतं.

पडद्यावरच्या ठोकळ्यालाही खऱ्या ठोकळ्याचंच माप असतं. उंची 9.6 मिलिमीटर, आणि तीन चपट्या पट्ट्या रचल्या की बरोबर एका ठोकळ्याएवढी उंची होते. तिने निवडलेली एक खिडकी सागवानी रंगात बनतच नाही, हे सॉफ्टवेअरने दाखवलं. मग तिने अख्खी भिंत नव्याने आखली. याला मी 'स्क्रीन टाइम' म्हणणार नाही.

हे ठोकळे कॉम्प्युटरवर आणले ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमनने, 1995 मध्ये. त्याच्या प्रणालीचं नाव एलड्रॉ. 1997 मध्ये तो गेला, पण जगभरच्या लेगोवेड्यांनी एकेक तुकडा रेखाटून ते काम पुढे चालवलं, तेही विनामोबदला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

'लेगो आयडियाज' या लेगो कंपनीच्या वेबसाइटवर चाहत्याच्या डिझाइनला 10,000 जणांचा पाठिंबा मिळाला की त्याचा संच विक्रीला आणायचा का, याचा कंपनी विचार करते. निवड झाली तर निव्वळ विक्रीचा एक टक्का त्याला मिळतो. 2020 मध्ये आलेला 3,662 तुकड्यांचा ग्रँड पियानो असाच. तो सुचवणारे डॉनी चेन संगीतशिक्षक आणि पियानो जुळवणारे. पियानोचं पोट रोज उघडून पाहणाऱ्या माणसालाच पट्टी दाबल्यावर आत हातोडी हलली पाहिजे, हे सुचणार!

पडद्यावर वजन जाणवत नाही, हे मात्र खरं. म्हणून सज्ज्यापुरते ठोकळे जमवून आम्ही तो हाताने बांधून पाहिला. दोनदा कोसळला. आजोबा म्हणाले, "अगं, आमच्या सज्ज्याला खालून तिरके लाकडी टेकू होते." तिने टेकू दिले. सज्जा उभा राहिला.

तेव्हापासून आजोबा रोज संध्याकाळी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसतात. काल माडीच्या जिन्याच्या पायऱ्या डोळे मिटून मोजत होते. "अकरा," म्हणाले. तिच्या जिन्याला बारा होत्या. तिने एक काढली.