तिच्यासोबत जेवायला कोण बसतं?

गरोदर बाईला काय खायचं हे सांगणारी माणसं घरोघरी असतात. पपई नको, बीट खा, खजूर खा, दुधात केशर घाल. पण जेवण जातंय का, झोप लागते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का, हे फार थोड्या जणींना कुणी विचारतं. मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझं ठाम मत आहे की हे विचारल्याशिवाय खाण्याची यादी हातात देऊ नये.

रक्ताचंच घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया होता, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. रक्तवाढीच्या १८० गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण पोटात किती जातात? मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी झाली की बाई घाबरते आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. काळी शी झाली म्हणजे काही बिघडलेलं नसतं, रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते, वर लगेच चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, एवढं कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

आणि जिला सकाळी उठावंसंच वाटत नाही, ती गोळी कुठून लक्षात ठेवणार? थकवा, चिडचिड, कशात लक्ष न लागणं हे रक्त कमी असतानाही होतं आणि नैराश्यातही. घरचे म्हणतात, "पोटुशी बाईला असं व्हायचंच." आणि तिथेच विषय संपतो.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंत झालेल्या बायकांचा केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणी नैराश्यात होत्या. त्यामागे गरोदरपणीच खचलेलं मन होतं, पैशांची ओढाताण होती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं होतं, आणि मुलगी होणं होतं. मला हे वाचून फार राग येतो. बाई मुलगी झाल्यामुळे खचत नाही, घरच्यांचे पडलेले चेहरे पाहून खचते.

पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत पुण्याच्याच केईएम रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात दिसलं की बाळाची वाढ आईच्या पोटात एकूण किती अन्न जातं यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा जातं याच्याशी जास्त जोडलेली आहे. महागड्या पावडरचा डबा नाही, मेथी आणि पेरू! पण सगळ्यांचं वाढून झाल्यावर ती एकटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात रस्सा तेवढा उरलेला असतो. अशा ताटावर भूक तरी कशी लागेल?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तपासणी होते. वजन, बीपी, रक्त सगळं बघतात. मनाचंही बघता येतं: गरोदर आणि बाळंत बाईचं नैराश्य ओळखायला एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ पासून उपलब्ध आहे. मागच्या सात दिवसांबद्दल दहा साधे प्रश्न, पाच-सात मिनिटांचं काम. ते प्रत्येकीला विचारले गेलेच पाहिजेत, सासूला किंवा नवऱ्याला बाहेर बसवून. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला 'हो' आलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं.

टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून द्या, आणि आज रात्री तिचं ताट तुमच्या ताटाबरोबरच वाढा.