एकटेच?

माणसं न्याहाळत बसायची हौस असेल तर ती पुण्यात भागवावी, मुंबईत भागवावी, साताऱ्यात भागवू नये. इथं राजवाड्यासमोर कट्ट्यावर नुसतं टेकलं, की दोन मिनिटांत आपण बघे उरत नाही, बघण्याची वस्तू होतो.

मे महिन्यात दुपारी मोती चौकातून कुत्रंसुद्धा जात नाही. पारा अडतीसच्या आसपास, अजिंक्यतारा भाजून पांढरा पडलेला. पण ऊन एकदा यवतेश्वराच्या मागं गेलं, की गाव गांधी मैदानावर लोटतं. त्याला आम्ही चौपाटी म्हणतो. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं, मधे अख्खं कोयनेचं रान आहे. पण भेळेचे चार गाडे ओळीनं उभे राहिले की तिथं चौपाटी होते, लाटांची अट कुणी घातलेली नाही.

तर मी बसलो. समोर एक ताजं जोडपं होतं. तिच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, त्याच्या मनगटाला अजून हळकुंडाचा दोरा. तिनं कालाखट्टा गोळा घेतला होता आणि तो खायच्या वेगानं वितळायच्या वेगापुढं हात टेकले होते. जांभळा ओघळ मनगटावरून बांगड्यांत शिरला. एका बांगडीखालून दुसरीखाली असा तो शिस्तीत कोपराकडं निघाला. नवरा एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात स्वतःचा गोळा घेऊन रुमाल कुठल्या हातानं काढावा या विचारात उभा. शेवटी त्यानं पर्स दातात धरली. पुढं काय होतंय ते बघायला मी जरा पुढं झुकलो, तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"काय, एकटेच?"

साताऱ्यात या प्रश्नाला सुटका नाही. "हो" म्हटलं तर "का? घरी सगळं ठीक ना?" हे पाठोपाठ येतंच. "नाही, येतायत मंडळी" म्हटलं तर विचारणारा शेजारी बसतो आणि आपल्याबरोबर मंडळींची वाट बघतो. मी दुसरं उत्तर दिलं. गृहस्थ बसले. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते काही उगीच नाही. माणूस निवृत्त असला की त्याच्याकडं वाट बघायला भरपूर वेळ असतो, आणि दुसऱ्याची वाट बघायला तर त्याहून जास्त.

"नोकरी चालू आहे का अजून?"
"आहे."
"किती वर्षं राहिली?"

पाठीमागच्या राजवाड्यात पूर्वी बरीच वर्षं कोर्ट भरायचं. ते नंतर दुसरीकडं हललं, उलटतपासणी मात्र बाहेर कट्ट्यावर राहिली. थोरल्याचं लग्न, प्लॉटचा भाव, धाकटीचे मार्क, गुडघे, सगळं झालं. या गडबडीत पर्सचं पुढं काय झालं ते कळलंच नाही. जोडपं नजरेआड झालं होतं.

त्यांच्या जागी जावळीकडचं एक कुटुंब आलं. मेमध्ये मुंबईची माणसं यात्रेला नि लग्नाला गावी येतात. जावळी-पाटणची घरंच्या घरं माथाडीच्या कामावर तिकडं गेली, ती अशी वर्षातून एकदा भरून परत येतात. पोरांना पाणीपुरी हवी होती. आजी म्हणाली, रस्त्यावरचं खायचं नाही, पोटं बिघडतील. मग गाडा कितपत स्वच्छ आहे ते बघायला ती स्वतः पुढं गेली. खात्री पटवून घेण्यासाठी एक पुरी खाल्ली. दुसरी बहुधा पहिलीची खात्री करायला. पोरं रांगेत मागं उभी, आणि आजी पदर कमरेला खोचून पाणीपुरीवाल्याला सांगतेय, "तिखाट घाल की जरा, आजारी न्हाई मी."

हे सोडून मी शेजारी काय बघणार? पण शेजाऱ्यांचं बघणं माझ्यावरच होतं. "मंडळी कुठं अडकली म्हणायची?" त्यांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात काळजी होती. त्यांनी पलीकडच्या कट्ट्यावरच्या आणखी एका गृहस्थांना खुणावलं. ते आले. त्यांना माझी केस थोडक्यात सांगण्यात आली. ते माझ्या वडिलांना ओळखत होते, हे ओघानं आलंच. दोघांनी मिळून मोती चौकाच्या रस्त्याकडं डोळे लावले. प्रत्येक बाई दिसली की आधी तिच्याकडं बघत आणि मग माझ्याकडं. मी मान हलवून नकार द्यायचो. दोन-तीन बायकांनी रागानं बघितलं, ते मात्र तिघांकडंही सारखंच.

मला वळवानं सोडवलं. यवतेश्वराच्या बाजूनं काळं आलं, वारा सुटला, कुरमुरे गाड्यावरून उडाले, आणि टपोरे थेंब सुरू झाले. गाडेवाल्यांनी ताडपत्र्या ओढल्या, त्यांच्याखाली सगळं गाव दाटीवाटीनं उभं राहिलं. ती आजी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, हातात द्रोण तसाच. तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"पाव्हणं, एकटंच व्हय?"

घरी पोचलो तर फोन वाजत होता. कराडहून बहीण.

"दादा, वहिनी माहेरी गेलीय का रे?"

"नाही. आत भाकरी करतेय."

"मग राजवाड्यावर तिची वाट कशाला बघत होतास?"

मी फोन बायकोच्या हातात दिला. ती भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातानंच तो कानाला लावून म्हणाली, "हं, मला मघाशीच कळलं."