कॅश, पण कुठली?

नमस्कार. घरून काम करताना सहकाऱ्यांना मेसेज कसे लिहावेत, यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की घरून काम करणाऱ्या इंजिनिअरनेच दर वेळी सोपं करून का सांगायचं? समोरच्याने चार शब्द शिकावेत. शिवाय 'तांत्रिक शब्द टाळा' हा माझा सल्ला म्हणजे सहकाऱ्यांना अडाणी समजणं झालं.

दुसरा मुद्दा मान्य, तो सल्ला मागे घेतो. तांत्रिक शब्द ओळखीच्या गोष्टीशी जोडला की अडत नाही. १९९२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनी घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. ते तेव्हा आर्थिक व्यवहारांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि ही गोष्ट साहेबांना पटवायची होती. त्यातूनच 'टेक्निकल डेट' म्हणजे 'तांत्रिक कर्ज' हा शब्द रुळला. व्याज चढतंय म्हटलं की कुणालाही कळतं.

पण 'चार शब्द शिकावेत' इथे माझं अडतं. एकदा रात्री मी ग्रुपवर टाकलं, "कॅश अजून क्लिअर झालेली नाही, थोडा वेळ जुने आकडे दिसतील." मला म्हणायचं होतं, सर्व्हरने हाताशी ठेवलेला तात्पुरता डेटा अजून पुसलेला नाही. हिशेब बघणाऱ्या ताईंनी वाचली रोकड. देवनागरीत दोन्ही 'कॅश'च! कुणाची रोकड चुकती व्हायची राहिली, हे त्या सकाळभर शोधत बसल्या. विचारलं का नाही? कारण शब्द त्यांच्या ओळखीचा होता, आपल्याला कळलेलं नाही हेच त्यांना कळलं नव्हतं. शेजारी बसलो असतो तर त्यांनी उघडलेली रोकडवही बघून तिथल्या तिथे उलगडा झाला असता.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना टेबलावर बोटांनी गाणी वाजवायला लावली आणि समोरच्यांना ती ओळखायला सांगितली. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. माझा रात्रीचा मेसेज ही तशीच टकटक.

हल्ली मी असं लिहितो: "सकाळी ११ पर्यंत विक्रीच्या अहवालात कालचे आकडे दिसतील. तोवर बिलं काढू नका. नंतरही तेच दिसले तर फोन करा." असं का, ते त्याखाली, तांत्रिक शब्दांसकट. ज्याला हवं तो वाचतो.

आणि हो, शिकणं एकतर्फी नसावं हे तुमचं बरोबरच. ताई पूर्वी एक बटण अडलं तरी "सिस्टीम बंद" लिहायच्या, आता कुठल्या पानावर काय दाबलं ते स्क्रीनशॉटसकट पाठवतात. वर मला सुनावलंही, "'क्लिअर' म्हटलं की आम्हाला आधी चेक आठवतो, तोही शब्द जपून वापरा."