मॉड्युलर केबल ‘सगळ्या सारख्याच’ नसतात

“नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम टाकल्यापासून पीसी सारखा बंद पडतोय? ९९ टक्के वेळा एसएमपीएसच गेलेला असतो. हे सहा उपाय करा, मेकॅनिकची गरज नाही.” हा संदेश सध्या जोरात फिरतोय. (एसएमपीएस म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.) माझ्या भाच्याने तो मला पाठवला तेव्हा खाली लिहिलं होतं, “मामा, उद्या हेच करतोय.” त्याला लगेच फोन करून थांबवलं. बाकी कुणाकुणाला फोन करणार, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात तिसऱ्या उपायापासून करतो, कारण बाकीच्यांनी वेळ जातो, याने हार्डवेअर जातं. उपाय असा: “नवीन एसएमपीएस आणा, पण केबल जुन्याच राहू द्या. मॉड्युलर केबल सगळ्या सारख्याच असतात, पुन्हा सगळं वायरिंग कशाला उसकटायचं?”

मॉड्युलर म्हणजे एसएमपीएसमधून काढता-घालता येणाऱ्या केबल, आणि त्या सारख्या नसतात. सारखं असतं ते केबलचं एकच टोक, जे मदरबोर्डला, कार्डला किंवा ड्राइव्हला लागतं. तिथे कुठल्या पिनला किती व्होल्ट हे ठरलेलं आहे. दुसरं टोक, जे एसएमपीएसच्या अंगात घुसतं, त्याला कुठलंही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी तिथे आपल्या सोयीने पिना लावते. गंमत म्हणजे (गंमत कसली!) प्लगचा आकार बऱ्याचदा तोच असतो. त्यामुळे परकी केबलही खट्‌कन बसते, आणि माणसाला वाटतं जमलं.

आता साटा केबलचं, म्हणजे ड्राइव्हला वीज देणाऱ्या केबलचं बघा. २.५ इंची एसएसडी ५ व्होल्टवर चालते. केबल दुसऱ्या एसएमपीएसची असेल, तर त्याच तारेवर १२ व्होल्ट येऊ शकतात. नशीब चांगलं असेल तर एसएमपीएसचं संरक्षण मध्ये पडतं आणि मशीन चालूच होत नाही. नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि ड्राइव्ह कायमची गेलेली असते, आतल्या फोटोंसकट. एकाच कंपनीच्या केबलही डोळे झाकून लावायच्या नाहीत. कोर्सेअरच्या टाइप ३ आणि टाइप ४ केबल एकमेकींच्या जागी चालतात, पण मदरबोर्डची २४ पिनची केबल त्याला अपवाद आहे. हे कंपनीच्याच तक्त्यात लिहिलेलं आहे. त्यामुळे खोक्यात ज्या केबल आल्या त्याच वापरायच्या. हरवल्या असतील तर मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीचा तक्ता बघायचा. प्लग बसतो का, एवढं बघून काही कळत नाही.

आता पहिला उपाय, म्हणजे त्या ९९ टक्क्यांचा उगम. “इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसलं की एसएमपीएस मेला समजा.” इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. तिथल्या नोंदीच्या नावात पॉवर आहे म्हणून? मायक्रोसॉफ्टने ४१ क्रमांकाच्या या नोंदीवर स्वतंत्र पान लिहिलं आहे, ते वाचलं असतं तरी हा संदेश जन्माला आला नसता. नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. ती लिहिली जाते पुढच्या वेळी चालू होताना. कारण काय होतं हे तिच्या तपशिलात शोधायचं असतं.

तपशिलात ‘बगचेककोड’ नावाची ओळ असते. तिथे शून्याखेरीज आकडा असेल तर ब्ल्यू स्क्रीन आली होती, आणि तो आकडा धरून पुढे जायचं. फक्त तो दशमान पद्धतीत असतो, हे लक्षात ठेवा. ब्ल्यू स्क्रीनवर षोडशमानात जो १२४, तो इथे २९२ दिसतो, म्हणजे हार्डवेअरची चूक. पॉवर बटणाच्या वेळेची ओळ शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं, म्हणजे मशीन हँग झालं होतं. दोन्ही ओळी शून्य असतील तेव्हा एसएमपीएसवर संशय घ्यायला जागा आहे. पण तिथेही मायक्रोसॉफ्ट ओव्हरक्लॉकिंग (भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं), मेमरी आणि तापमान तपासायला सांगतं. एसएमपीएस हा त्यातला एक संशयित.

बरं, अर्धं सत्य मान्य करतो. गेम सुरू होताच स्क्रीन काळी होऊन मशीन थेट रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएस कमी पडत असण्याची शक्यता खरीच मोठी आहे. नवी ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी छापील वॅटच्या कितीतरी वर उसळी मारतात. म्हणून तर २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अट घातली. पण ते ९९ टक्के कुणी मोजले?

दुसरा उपाय म्हणतो, “एक्सएमपी चालूच ठेवा, रॅमवर छापलेला वेग गॅरंटीचा असतो.” एक्सएमपी, म्हणजे रॅम डब्यावरच्या वेगाने पळवणारी बायॉसमधली (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधली) सोय. ते ओव्हरक्लॉकिंगच, हे ती काढणारी इंटेलच सांगते. त्यात अपग्रेड म्हणून लोक आधीच्या दोन स्टिकना आणखी दोन जोडतात. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांना एएमडी अधिकृतपणे दोन स्टिकवर डीडीआर५-५२०० एवढा वेग देते, चार लावल्या की ३६००. डब्यावर ६००० लिहिलंय म्हणून चारही स्टिक ६००० वर पळवायच्या आणि क्रॅश झालं की एसएमपीएसला शिव्या घालायच्या! आधी एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीची तशीच सोय) बंद करा, मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा.

प्रोसेसरचं तर संदेशात नावही नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना चुकीच्या व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य केलं, दुरुस्ती बायॉस अपडेटमधून दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर त्या अपडेटने सुधारत नाही. तिथे एसएमपीएस बदलून काय होणार?

चौथा उपाय पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, बंद करण्याचा. अरे, क्रॅश झाल्यावर विंडोज त्याचा तपशील ठेवणारी जी डंप फाइल लिहिते, तिला पेजफाइल लागते. ती बंद केली की पुरावाच नाहीसा, वर मेमरी संपून प्रोग्रॅम आणखी कोसळतील. पाचवा, रजिस्ट्री क्लीनर आणि ‘ड्रायव्हर बूस्टर’. नको. ड्रायव्हर कार्डाच्या नाहीतर मदरबोर्डच्या कंपनीकडूनच घ्या.

सहावा, रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबरने घासा. रॅम काढून पुन्हा बसवल्याने खूपदा फरक पडतो, हे नाइलाजाने कबूल. पण काम होतं ते नीट बसल्यामुळे, रबराने नुसता मुलामा घासला जातो आणि कचरा खाचेत पडतो. वीज बंद करून, दोन्ही कडांना क्लिक ऐकू येईपर्यंत दाबा. दोनच स्टिक असतील तर चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. मॅन्युअलमध्ये तसं चित्र असतं, ते बघून लावा.