पेट्रोलची गळती उदबत्तीने शोधायची नसते

परवा रात्री साडेनऊला मामांचा फोन. "अरे, उदबत्ती साधी चालेल का धुपाचीच पाहिजे?" मला काही कळेना. मग त्यांनी मेसेज पुढे ढकलला : 'जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतो? घाबरू नका, या पाच गोष्टी लक्षात ठेवा.' दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. मामांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी सांगलीत गावभागात, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. भिंतीपलीकडे मामींचं स्वयंपाकघर. म्हणून हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो जीव घेईल. 'उदबत्ती पेटवून गाडीखालून हळूहळू फिरवा, गळती असेल तिथे धूर वळतो.' हे लिहिणाऱ्याने कधी गाडीखाली डोकं घातलंय का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते, खोलगट जागी साचते. म्हणजे तुम्ही उदबत्ती धरून जिथे आडवे झालेले असता, नेमकी तिथेच. उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग एप्रिलात सांगलीच्या पत्र्याखाली किती सोडत असेल? हवेत दीड टक्का वाफ झाली की एक ठिणगी पुरते. आणि धूर पंख्याने वळतो, दाराच्या फटीतल्या वाऱ्याने वळतो, पेट्रोलच्या थेंबाने वळत नाही. "निखाराच तर असतो, ज्योत कुठे असते," असं मामांचं म्हणणं. मामा, उदबत्ती काडीनेच पेटते, आणि गाडीखाली विझली की माणूस तिथल्या तिथे दुसरी काडी ओढतो.

रविवारी मी स्वतः गेलो. इंजिन गार होतं. गाडी ढकलत अंगणात घेतली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. टाकी, नळ्या, पंप, कारबोरेटर फडक्याने कोरडं पुसलं, खाली जुने पेपर अंथरले आणि तासभर वाट पाहिली. पेपर कोरडे. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! मामांनी कित्येक महिन्यांत ऑइल घातलेलं नव्हतं. चिमटीत घेतलं तर पातळ पाणी, आणि नाकाशी नेलं तर सरळ पेट्रोल. इंजिनाला जोडलेला पेट्रोलचा पंप, मिस्त्री लोक ज्याला एसी पंप म्हणतात, त्याचा डायाफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला होता. पेट्रोल जमिनीवर थेंबही न सांडता आत ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला काय सांभाळणार? उदबत्त्यांचा अख्खा पुडा संपवला असता तरी हे दिसलं नसतं.

पहिला मुद्दा, 'जुन्या गाड्यांना वास असतोच'. तापलेली कारबोरेटरची गाडी बंद केली की थोडा वेळ वास येतो, इतकंच त्यात खरं. सकाळी शेड उघडल्या उघडल्या वास आला तर पेट्रोल कुठेतरी जातंय.

तिसरा मुद्दा, 'टाकीच्या भोकाला साबण लावा'. हे मात्र मान्य करावं लागतं. धुण्याच्या साबणाची वडी घासली की टाकीचं बारीक भोक तात्पुरतं बुजतं, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. मिरजेहून सांगलीतल्या गॅरेजपर्यंत गाडी आणायला ठीक. पण लगेच पुढची ओळ आहे : 'नंतर टाकी रिकामी करून वेल्डिंग मारून घ्या.' अहो, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, स्फोटाला आणखी काय लागतं? टाकी धुऊन, वाफ पूर्ण काढून काम करणाऱ्याकडेच ती द्यायची. आणि २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाडीची टाकी आतून गंजलेली असेल तर एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, ती बदललेलीच बरी.

चौथा मुद्दा, 'पेट्रोलच्या नळ्यांच्या नटांना टेफलॉन टेप गुंडाळा'. गुंडाळू नका. तो जोड धातूवर धातू बसून घट्ट होतो, आट्यांवर नाही. टेपचे तुकडे मात्र सुटून कारबोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतात.

शेवटी 'सगळा दोष इथेनॉलचा, इलाज नाही'. यातलं अर्धं खरं आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की मुळात इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. हे झालं मायलेजचं. रबराचं म्हणाल तर इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. मामांच्या गाडीची नळी वाकवली तर वरून तडे होते आणि आतून ती चिकट लागत होती. पण इलाज नाही कसा? इथेनॉल सोसणारी नळी मिळते, ती घालायची.

डायाफ्रामचं किट बसवलं, ऑइल बदललं. नळी आणायची राहिलीय, तोवर गाडी शेडबाहेर उभी आहे.