सीमारेषा आत घ्या, खेळपट्टीला हात नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलवर, आलेल्या फायटिंग गेम्सची मी घेतलेली बाजू तुम्हाला अजिबात पटलेली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा बटणांचा खेळ दोन बटणांत कोंबला की तो खेळच उरत नाही. असल्या आवृत्त्या म्हणजे नाव विकून पैसे काढायचा धंदा. २०१४ च्या स्मॅश ब्रदर्समध्ये तर हातातल्या कन्सोलने घरच्या कन्सोलचंही नुकसान केलं. आणि आता निन्टेन्डोच्या स्विचसारखं एकच यंत्र हातातही आणि टीव्हीलाही चालतं म्हटल्यावर हा वादच शिळा झाला. वर ‘छातीठोकपणे बाजू घ्याल असा एक तरी पोर्ट (एका यंत्रावरून दुसऱ्यावर आणलेला खेळ) सांगा’ असं आव्हानही दिलंत. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बटणं, कारण तुमचा सगळा राग तिथेच आहे. स्ट्रीट फायटर टू १९९१ मध्ये आर्केडला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आला तेव्हा त्याला सहा बटणं होती: तीन ठोशांची, तीन लाथांची. हे तुम्ही ‘मूळ’ धरता, बरोबरच आहे. पण मग घरच्या कन्सोलला त्या मुळाच्या बाजूला कसं काय बसवता? १९९२ च्या सुपर निन्टेन्डोवर बटणं सहा होती खरी, पण त्यातली दोन पॅडच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या कडेला. आर्केडवर तळहात टेकवून तीन-तीनच्या दोन ओळींवर बोटं फिरायची, इथे तर्जनी आणि अंगठ्यात वाटणी झाली. सेगा मेगा ड्राइव्हच्या मूळ पॅडला तर तीनच बटणं. त्यावर खेळायचं तर स्टार्ट दाबून ठोशांवरून लाथांवर आणि लाथांवरून ठोशांवर जावं लागायचं. १९९३ मध्ये सहा बटणांचा पॅड आला, तेव्हा कुठे लोकांची सुटका झाली. पडद्याचंही तेच. आर्केडचं चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचं, सुपर निन्टेन्डोवर २५६ बाय २२४. म्हणजे आडव्या दिशेला एक तृतीयांश पिक्सेल गेलेच. घरच्या टीव्हीवर आपण जे ‘खरं’ म्हणून खेळलो, तीही कुणीतरी बेतून दिलेली आवृत्तीच होती. हँडहेल्डवाल्यांचा कपडा जरा जास्त अपुरा होता, एवढंच.

आता दोन बटणांविषयी. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हँडहेल्डवरचा १९९५ चा स्ट्रीट फायटर टू घ्या. एक बटण ठोशाचं, एक लाथेचं, आणि किती वेळ दाबलं यावर जोर ठरणार. ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या जागी बसून बघा. खेळाडूने बटण दाबलं त्या क्षणी त्याला हलका ठोसा हवाय की जोरदार, हे कळायला मार्गच नाही. बोट उचललं जातंय का, हे बघत थांबावं लागतं. समजा सहा फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) थांबलात, तर सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशोबात एक दशांश सेकंद गेला. हलक्या ठोशाची सगळी किंमत तो तीन-चार फ्रेमांत बाहेर पडतो यात असते. समोरच्याचा हल्ला मोडायचं ते हत्यार. त्यालाच उशीर झाला तर ठोसा दिसायला तोच, पण कामाचा नाही. यावरचा शहाणा तोडगा म्हणजे बटण दाबताक्षणी हालचाल सुरू करायची आणि बोट तसंच राहिलं तर पुढे तिचंच जोरदार ठोशात रूपांतर करायचं. त्यासाठी दोन्ही हल्ल्यांच्या सुरुवातीच्या फ्रेम एकसारख्या आखाव्या लागतात. म्हणजे चित्रकाराला आणि खेळाचा तोल राखणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकत्र बसवावं लागतं. तयार खेळ आणून ‘आता एवढा बसवून द्या’ म्हटलं की हे होत नाही.

म्हणूनच एसएनके कंपनीच्या निओ जिओ पॉकेट कलर या हँडहेल्डवरचे खेळ मला वेगळ्या रांगेत बसवावेसे वाटतात. १९९९ चा एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: द मॅच ऑफ द मिलेनियम तुम्ही प्रतिक्रियेत एका वाक्यात उडवून लावलात. तो कुठल्या आर्केड खेळाचा पोर्ट नाही. पडदा १६० बाय १५२, हल्ल्याची बटणं दोनच, हे गृहीत धरूनच तो रचलेला आहे. तिथेही हलकं दाबलं तर हलका आणि धरून ठेवलं तर जोरदार, पण आखणीच तशी असल्यामुळे हात अडखळत नाही. शिवाय त्या यंत्राची टिकटिक वाजणारी छोटी स्टिक! पाव चक्कर फिरवून हाडोकेन (लांबून फेकायचा ऊर्जेचा गोळा) काढायला त्यापेक्षा गोड वस्तू हँडहेल्डवर मी हाताळलेली नाही. असो, विषय भरकटतोय.

बटणांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते अंतर, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. फायटिंग गेममध्ये आपण सतत एकच गोष्ट मोजत असतो: माझी लाथ त्याच्यापर्यंत पोचते का, आणि त्याची माझ्यापर्यंत? ३८४ पिक्सेल रुंदीचा खेळ १६० पिक्सेलांच्या पडद्यावर आणताना हे माप कसं सांभाळणार? पात्रं तेवढीच मोठी ठेवली आणि पडदा नुसता कापला, तर दोघं एकमेकांच्या नाकासमोर उभे. आर्केडवर हाडोकेन लांबून येताना दिसायचा, उडी मारायची की अडवायचा हे ठरवायला वेळ मिळायचा. इथे तो सुटतो आणि लागतो. सगळं प्रमाणात छोटं करावं, तर आकडे आडवे येतात. समजा पात्र दर फ्रेमला तीन पिक्सेल चालत होतं. नव्या प्रमाणात ते सव्वा पिक्सेल होतं. सव्वा पिक्सेल पडद्यावर दाखवता येत नाही म्हणून कुणी सरळ एक करून टाकला, तर पात्राचा वेग एक पंचमांशाने घसरला. दुसऱ्याचा वेग पावणेदोन येत होता, त्याचे दोन केले, तर तो उगाचच चपळ झाला. कुणीही मुद्दाम काही बदललं नाही, तरी दोघांमधला तोल गेला. अपूर्णांक आत वेगळे साठवायचे आणि पडद्यावर फक्त पूर्णांक दाखवायचे, ही युक्ती जुनीच आहे. ती वापरायची की नाही यावर पोर्टची लायकी ठरते, आणि जाहिरातीतल्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

क्रिकेटचं मैदान लहान असेल तर सीमारेषा आत ओढतात, त्याला कुणाची हरकत नसते. खेळपट्टी मात्र २२ यार्डांचीच लागते. हँडहेल्ड आवृत्तीकडे मी याच नजरेने बघतो. पार्श्वभूमी, आवाज, संगीत, पात्रांचं रेखीवपण, गर्दीतले प्रेक्षक, हे सगळं सीमारेषेकडचं. हल्ल्याचा वेळ, त्याची पोच आणि त्याच्यासाठी मोजावी लागणारी किंमत ही खेळपट्टी. ताकाराने गेम बॉयवर आणलेला किंग ऑफ फायटर्स ’९५ बघा. पात्रं मोठ्या डोक्याची, बुटकी, जवळजवळ व्यंगचित्रं. मूळ चित्रांच्या भक्तांना ते बघवत नाही हे मी समजू शकतो. पण चार करड्या छटांच्या, हलणारी वस्तू पुसट करणाऱ्या त्या पडद्यावर कोण कुठे उभा आहे आणि फटका वर आला की खाली, हे नीट दिसतं. नीट दिसलं तरच अडवता येतं.

याच मापाने काही पोर्ट नापास होतात, आणि तिथे आपलं एकमत आहे. १९९३ चा गेम बॉयवरचा मॉर्टल कॉम्बॅट मी वाचवायला जाणार नाही. त्यात जॉनी केज हे मुळातलं पात्र नाही ही गोष्ट मी पोटात घालीन, पण बटण दाबणं आणि हात हलणं यांच्यात जो काळ जातो, तो नाही.

आता स्मॅश ब्रदर्स. २०१४ चा खेळ थ्रीडीएस या हँडहेल्डवर आणि वी यू या घरच्या कन्सोलवर आला. थ्रीडीएस आवृत्तीमुळे आइस क्लाइंबर्स ही जोडी वगळावी लागली, हे खुद्द दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीच सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यावर मी वाद घालत नाही. ज्यांचं तेच पात्र होतं त्यांच्यावर अन्याय झाला. पण तुम्ही त्यातून ‘हँडहेल्ड म्हणजे ओझं’ असा निष्कर्ष काढता, तिथे मी थांबतो. खेळ बनवणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. वी यूला पूर्ण संच आणि थ्रीडीएसला कमी, किंवा दोन्हीकडे तेच लढवय्ये. त्यांनी दुसरी घेतली. त्यामुळे बसमध्ये बसून घटवलेला हात रात्री टीव्हीसमोर तसाच चालला. मग थ्रीडीएसवर काटछाट कुठे केली बघा: लढणारी पात्रं सेकंदाला साठ फ्रेमने, आणि मदतीला बोलावलेली असिस्ट ट्रॉफीची पात्रं, पोकेमॉन वगैरे तीसने. छोट्या पडद्यावर पात्रं हरवू नयेत म्हणून त्यांना जाड काळी कड दिली, आणि तिची जाडी खेळाडूच्या हातात ठेवली. मैदानं दोन्हीकडे बरीचशी वेगळी, आठ जणांची लढाई फक्त वी यूवर. जे सोडलं ते सगळं सीमारेषेजवळचं. आइस क्लाइंबर्स २०१८ च्या स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये परतले, पण मधली चार वर्षं त्यांच्या चाहत्यांनी किंमत मोजली हे खरंच.

तुमच्या बाजूचं खरं उदाहरण तुम्ही दिलंच नाही, म्हणून मीच देतो. २०११ चा थ्रीडीएसवरचा सुपर स्ट्रीट फायटर फोर. खालच्या टचस्क्रीनवर चौकोन, त्यावर बोट ठेवलं की विशेष हल्ला तयार. गाइल या पात्राचा सोनिक बूम हा फेकायचा हल्ला काढायचा तर एरवी मागची दिशा थोडा वेळ दाबून धरावी लागते, मग पुढे आणि ठोसा. म्हणजे तो हल्ला हवा असेल तर तेवढा वेळ पुढे चालता येत नाही. ती त्या हल्ल्याची किंमत. टचस्क्रीनने ती माफ करून टाकली. गाइल पुढे चालत चालत सोनिक बूम फेकायला लागला, आणि तो गाइल राहिला नाही. ही खेळपट्टीच उखडली. अर्थात बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असणार, कारण हे स्वातंत्र्य ‘लाइट’ या खेळण्याच्या पद्धतीत होतं आणि ‘प्रो’ पद्धतीत त्याला लगाम होता. पुढे २०२३ च्या स्ट्रीट फायटर सिक्समध्ये सोप्या बटणांची ‘मॉडर्न’ पद्धत आली, तेव्हा हिशोब नीट मांडलेला दिसतो. सोप्या मार्गाने काढलेल्या विशेष हल्ल्याचं नुकसान वीस टक्क्यांनी कमी, काही साधे हल्ले उपलब्धच नाहीत, आणि गाइलला तिथेही मागे दाबून धरणं चुकत नाही. सोय दिली, किंमत वेगळ्या खिशातून घेतली. २०११ च्या त्या थ्रीडीएस आवृत्तीत पार्श्वभूमी स्थिर होती. ती पुतळ्यासारखी उभी गर्दी मला खरंच खटकत नाही.

राहिला स्विच. एकच यंत्र, एकच खेळ, त्यामुळे बेतण्याचं काम संपलं असं तुम्हाला वाटतं. काम कमी झालं, संपलं नाही. स्विच टीव्हीला जोडलेला असतो तेव्हा त्याची ग्राफिक्स चिप ७६८ मेगाहर्ट्झपर्यंत चालते, हातात घेतला की साधारण निम्म्यावर येते. मुख्य प्रोसेसरचा वेग मात्र दोन्हीकडे सारखाच. याचा अर्थ उघड आहे: खेळाचे नियम तसेच चालवा, चित्र लहान करा. अल्टिमेट टीव्हीवर १०८० आणि हातात ७२० रेषांचं चित्र देतो, फ्रेम साठच. २०१९ चा मॉर्टल कॉम्बॅट इलेव्हन स्विचवर आला तेव्हा चेहरे मेणाचे दिसतात म्हणून लोक हसले, पण लढाई साठ फ्रेमचीच राहिली.

यंत्र एक असलं तरी हात दोन तऱ्हेचे असतात, हे विसरू नका. स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरला अखंड डी-पॅड (दिशा देणारं अधिक-चिन्हाच्या आकाराचं बटण) नाही, चार सुटी बटणं आहेत. त्यावर पाव चक्कर म्हणजे अंगठ्याची परीक्षा. टीव्ही स्वतः चित्रावर प्रक्रिया करत थोडा वेळ खातो, हातातला पडदा ती भानगड बरीचशी टाळतो. त्यामुळे गेम मोड (हा उशीर कमी करणारी सोय) नसलेल्या टीव्हीवर कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले हल्ले, निसटतो आणि हँडहेल्डवर तोच बसतो, असंही होतं. मूळाशी इमानी कोण, याचं उत्तर तिथे तुमच्या अपेक्षेच्या उलटं येतं.

आणि ऑनलाइन खेळ आल्यापासून तर लबाडीला जागाच उरलेली नाही. २०१२ मध्ये स्ट्रीट फायटर एक्स टेकन सोनीच्या व्हीटा या हँडहेल्डवर आला आणि हातातला खेळाडू प्लेस्टेशन थ्रीवरच्या खेळाडूशी लढू शकला. अशा लढतीत दोन यंत्रं एकमेकांना साधारणपणे फक्त दाबलेली बटणं कळवतात, बाकी सगळं प्रत्येक जण आपापलं मोजतो. एका यंत्राने कुठे एक पिक्सेल इकडचा तिकडे केला, तर थोड्याच वेळात एका पडद्यावर फटका लागलेला आणि दुसऱ्यावर हुकलेला. रोलबॅक ही ऑनलाइन पद्धत असेल तर आणखी कठीण. समोरच्याची बटणं उशिरा पोचली की यंत्र मागे जातं आणि मधल्या फ्रेम पुन्हा मोजतं. सात फ्रेम मागे गेलं तर चालू फ्रेम धरून आठ फ्रेमांचं गणित एका फ्रेमच्या वेळेत, म्हणजे साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास, उरकायचं. छोट्या यंत्राला हे झेपवायचं तर खेळाचं गणित पहिल्यापासून हलकं आणि चित्रापासून वेगळं लिहावं लागतं. माझं तर म्हणणं आहे, फायटिंग गेम आधी अशक्त यंत्रावर चालवून बघावा आणि मग मोठ्यावर सजवावा. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं आणि पोर्ट करणाऱ्यांच्या पदरी शिव्या येतात.

तुमचं आव्हान राहिलं. २००२ चा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा स्ट्रीट फायटर अल्फा थ्री. २४० बाय १६० चा पडदा, चार बटणं, आणि अख्खी पात्रमंडळी. बऱ्याच पार्श्वभूमी गेल्या, बरंच संगीत गेलं, आवाज कापले, सहा हल्ले चार बटणांत बसवताना बोटांना कसरत करावी लागते. पुढे सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डवर आलेली आवृत्ती दिसायला आणि ऐकायला कितीतरी सरस आहे, यात शंका नाही. तरी मी बाजू याचीच घेईन, कारण एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये काय ठेवायचं आणि काय फेकायचं याची निवड त्यात इतकी नेमकी आहे. हाताशी दोन्ही असतील तर एकच पात्र घ्या, समोरचा उभा ठेवा आणि मधल्या जोराची लाथ नेमकी किती लांबून लागते ते आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर बघा. जे दिसेल ते इथेच खाली लिहा, त्यावर पुढे भांडू.